राजीनामा लिहिण्याआधी हे वाच

चि. केतकी,
अनेक आशीर्वाद.

सॉफ्टवेअर टेस्टिंगची ही नोकरी निरर्थक वाटते, राजीनामा देते, हा तुझा परवाचा मेसेज आधी आईनं वाचून दाखवला, मग मी चष्मा लावून स्वतः वाचला. फोनवर बोलायला गेलं की तू 'हो बाबा, हो बाबा' करतेस आणि विषय जेवणावर नेतेस, म्हणून आज लिहायला बसलो. इतक्या वर्षांनी पत्र लिहितोय, अक्षर लागलं नाही तर आईला विचार.

नोकरी सोडायची असेल तर सोड. त्यानं आभाळ कोसळत नाही. मीही कारखाने बदलले आणि आपलं घर चाललं. पण मेसेजमधली एक गोष्ट खटकली. मॅनेजर ऑटोमेशनचं, म्हणजे तीच तपासणी प्रोग्रॅमकडून करून घ्यायचं, काम देत नाही, लीड नाव पुढं पाठवत नाही, एचआर ट्रेनिंगला बसवत नाही, अप्रेझलमध्ये 'ठीक' एवढाच शेरा मारला. सगळं दुसऱ्यांनी करायचं किंवा करायचं राहिलेलं. एवढ्या लांब मेसेजात तू स्वतः काय केलंस किंवा काय करणार आहेस, याची एक ओळ नाही.

गेल्या वर्षीचा तुझा एक फोन मला आठवतो. बँकेच्या त्या ॲपमध्ये कुणी दर महिन्याच्या 31 तारखेला हप्ता जायची सूचना लावली, तर एप्रिलमध्ये काय होतं, हे तू सहज बघितलंस. हप्ता गेलाच नाही. तीस दिवसांचा महिना आला की ती सूचना गुपचूप वगळली जात होती, आणि गिऱ्हाइकाला मात्र दंड. टेस्ट केसमध्ये, म्हणजे काय काय तपासायचं त्या यादीत, ते नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. तू इतकी भरभरून बोलत होतीस की आईनं हातवारे करून विचारलं, लग्न ठरलं की काय! त्या दिवशी मॅनेजर हाच होता, पगारही हाच होता. त्या आठवड्यात नोकरी तुला निरर्थक वाटली नव्हती, कारण दिलेल्या कामापलीकडचा एक प्रश्न तुझा तू काढला होतास.

आजकाल जो तो सांगतो, आवडीचं काम शोधा. मला टर्नरच्या, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातायच्या, कामाची आवड कुठून असणार? सांगलीच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या यादीत नाव लागलं नाही आणि टर्नरची जागा शिल्लक होती, एवढंच. पहिलं वर्ष मी लेथचा रागच केला. हात काळे आणि कपड्यांना कूलंटचा वास. आवड आली ती टूलला धार लावता यायला लागल्यावर. हायस्पीड स्टीलच्या तुकड्याला ग्राइंडरवर कोन द्यायचा असतो. कोन चुकला की टूल कापत नाही, नुसतं घासतं, आणि जॉबवर, म्हणजे कातायला लावलेल्या तुकड्यावर, खरखरीत ओरखडे उठतात. बरोबर बसला की चिप सलग, वळत वळत बाहेर येते आणि आवाजच बदलतो. तो आवाज मी स्वतः काढला, त्या दिवसापासून सायरन व्हायच्या आधी मशीनवर जायला लागलो. हात बसल्यावर आवड आली, आधी नाही. सगळ्यांचं असंच होतं असा माझा दावा नाही, पण तुझ्या बाबतीत उलट्या क्रमाची वाट बघू नकोस.

भोसरीत मी होतो त्या कारखान्यात पहिलं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं, मशीन आलं तेव्हा जुने टर्नर हसले. बटणं दाबायला कारागीर कशाला, म्हणाले. मी सुपरवायझरकडे मागणी केली, तर 'तू लेथवर चांगला आहेस, तिथंच राहा.' हे कौतुक होतं की वाटेतला दगड, मला अजून कळलेलं नाही. चांगलं काम करणाऱ्याला लोक त्याच जागी ठेवून घेतात, हे मात्र तेव्हाच कळलं. मग शिफ्ट संपली की त्या ऑपरेटरच्या मागं उभा राहायचो. प्रोग्रॅमचा कागद मागून घ्यायचा, वहीत उतरवायचा आणि रात्री ड्रॉइंगशेजारी ठेवून ओळ न् ओळ लावायची. जी झिरो वन, एक्स चाळीस, झेड वजा पंचवीस. म्हणजे चाळीसच्या व्यासावर पंचवीस मिलिमीटर सरळ काप. हे तर मी हँडल फिरवून रोज करत होतो! नवीन होती ती फक्त लिहायची पद्धत. टूल कुठं थरथरेल, कट किती घ्यावा, हे त्या डिप्लोमावाल्या पोरांना माहीत नव्हतं, मला होतं. पुढं चिंचवडला संध्याकाळचा क्लास लावला, फी स्वतःच्या खिशातून भरली, आणि सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा, म्हणून दुसरीकडे लागलो. कंपनीनं मला ट्रेनिंगला पाठवलं नाही, ही तक्रार तेव्हा माझ्याकडेही होती. फक्त तिच्यावर मुक्काम केला नाही.

तुझे सावंतकाका आठवतात ना? ते माझ्यासोबतच होते. सीएनसीच्या वाटेला गेलेच नाहीत. त्यांना एकेक सुटा जॉब आवडायचा: तुटलेला शाफ्ट, झिजलेलं बुश, ज्याचं ड्रॉइंगच उरलेलं नाही असं काहीतरी. एका नगासाठी सीएनसीवर कोण सेटिंग लावणार? त्यांनी गाळा भाड्यानं घेतला, एक जुनं एचएमटी कंपनीचं लेथ टाकलं आणि आजही जॉबवर्क करतात. पैसे माझ्यापेक्षा कमी-जास्त झाले असतील, पण कामावर माझ्याइतकेच खूश. म्हणून ऑटोमेशनच का, हेही एकदा स्वतःला विचार. सगळे जातात म्हणून जातेस, की रोजचं तेच तेच क्लिक करून कंटाळलीस म्हणून, की चुका शोधण्यातच तुझा जीव रमतो म्हणून? उत्तर तिसरं असेल तर वाट जरा वेगळी निघेल.

आपल्या पलूसकडे लहानपणापासून लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या गोष्टी ऐकल्या. मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना त्यांना डावलून दुसऱ्याला बढती दिली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले, ही गोष्ट सगळे छाती फुगवून सांगतात. मला त्याआधीची जास्त मोलाची वाटते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेलेला हा मुलगा, आणि कळलं काय, तर काही रंग त्याला नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायचं संपलं. पण रेषेला रंग लागत नाही, म्हणून त्यांनी यांत्रिक ड्रॉइंग धरून ठेवलं. त्याच्या जोरावर शिकवायची नोकरी मिळाली, पुढं नांगर झाले, आणि बेळगावची जागा सोडावी लागल्यावर 1910 साली औंध संस्थानात कुंडल रोडला कारखाना उभा राहिला. बढती नाकारली तेव्हा ते तडकाफडकी निघू शकले, कारण सोबत न्यायला हातात काहीतरी होतं. तुझ्या हातात आत्ता काय आहे?

मॅनेजरशी बोल, पण ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. 'मला ग्रोथ हवी' असं म्हणालीस तर तो मान डोलवेल आणि विसरेल. त्यापेक्षा दर रिलीजला तुम्ही जे तेच तेच तपासता, त्यातल्या सगळ्यात कंटाळवाण्या केस उचल. ऑटोमेशनचं ते सेलेनियम सॉफ्टवेअर फुकट मिळतं असं तूच म्हणाली होतीस ना? घरी सरावाच्या साइटवर शीक, कंपनीचा डेटा मात्र घरच्या लॅपटॉपवर आणू नकोस, त्यात नोकरी जाते. मग त्याला म्हण, या केस मी ऑटोमेट करून दाखवते, आठवड्यातले एवढे तास द्या. आणि बोलणं झाल्यावर दोन ओळींचा मेल टाक. तो नाही म्हणाला तर तेही स्पष्ट होईल, आणि शिकलेलं तुझ्याजवळ राहील. नाही म्हटल्यावर मग शांत डोक्यानं दुसरीकडे बघ. मी अडवणार नाही.

ज्या जागी अपमान होतो, रात्री-अपरात्री फोन येतात, तब्येत बिघडते, तिथं मात्र हा हिशेब लावत बसू नकोस. तसं काही असेल आणि तू आम्हाला सांगत नसशील तर आधी ते सांग.

पैशाचं थोडक्यात. तुझा नोटिस पिरियड नव्वद दिवसांचा आहे. दुसऱ्या नोकरीचं पत्र हातात येईपर्यंत नवीन हप्ता लावून घेऊ नकोस, गाडी पुढच्या वर्षी. हप्ते डोक्यावर असले की माणूस नको त्या ठिकाणी गप्प बसतो. आणि नोकरी बदलताना पीएफ काढू नकोस, ट्रान्स्फर कर. आमच्या वेळी प्रत्येक कारखान्याचा वेगळा नंबर, एका जुन्या खात्यापायी मी किती चपला झिजवल्या ते आई सांगेल. 2014 पासून यूएएन, म्हणजे पीएफचा एकच कायमचा नंबर, आहे, नोकरी कितीही बदलली तरी तुझा नंबर तोच. पाच वर्षं सलग व्हायच्या आत रक्कम काढलीस तर कर लागतो. पेन्शनला दहा वर्षं लागतात, आणि मधेच पीएफमधला तो पेन्शनचा भाग काढून घेतला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

रविवारी फोन कर. त्याआधी एका कागदावर गेल्या तीन वर्षांत तू स्वतः शोधलेल्या चुका लिहून काढ, त्या 31 तारखेसकट. कंपनीचं नाव नको, बँकेचं नको, फक्त काय सापडलं आणि कसं सापडलं. मला वाचून दाखव. टेस्टिंगमधलं मला काही कळत नाही, त्यामुळे मला समजेल अशा भाषेत लिहिलंस तर मुलाखत घेणाऱ्यालाही समजेल.

आईनं मेतकूट आणि लसणाची चटणी कुरिअर केली आहे, डबा परत आणायला विसरू नकोस म्हणते.

तुझा,
बाबा