आदण तुझ्यासाठी थांबत नाही

टोरंटो, 9 जानेवारी

प्रिय अभी,

तुझ्या फिल्मची शॉटलिस्ट मिळाली. 42 शॉट, एक दिवस, सकाळी पन्हाळ्याच्या वाटेवरचं गुऱ्हाळ आणि संध्याकाळी रंकाळा. नाद खुळा! पण हे होणार नाही, आणि का होणार नाही ते कागदावरच दिसतं.

या दिवसांत आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे उगवतो नि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. सव्वासातला पहिला शॉट आणि सहाला शेवटचा धरला तर पावणेअकरा तास. जेवणाचा पाऊण तास काढ. सामान बांधून, रंकाळ्यावर नेऊन, पुन्हा मांडायला दीड तास काढ. उरले साडेआठ तास. कॅमेऱ्याची जागा बदलली की लाइट, आवाज, तालीम आणि टेक धरून सरासरी 25 मिनिटं जातात. म्हणजे जेमतेम 20 शॉट. रंकाळा दुसऱ्या दिवशी ढकललास तर 24. प्रत्यक्ष टेकला त्यातली पाच-सहा मिनिटंच लागतात, बाकी सगळा वेळ हलवाहलवीत जातो. म्हणून यादी कथेच्या क्रमानं न लावता जागेच्या क्रमानं लाव. ट्रायपॉड तिथंच ठेवून नुसती लेन्स बदलली तर पुढचा शॉट दहा मिनिटांत होतो.

पण गुऱ्हाळावर याहून मोठी अडचण आहे, ती तुझ्या यादीत कुठंच नाही. तिथं खरा दिग्दर्शक गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, असतो. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, पडला की आदण, म्हणजे गुळाचा एक घाणा, सुरू झालं, आणि ते तुझ्यासाठी थांबत नाही. आधी मळी वर येते, भेंडीचं पाणी घालून ती काढतात, मग उकळी, मग फेस, मग पाक घट्ट होत रंग पालटतो. शेवटी थंड पाण्यात थेंब टाकून गोळी बघतात आणि काहिल वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या जागेत, ओततात. हे सगळं सुमारे तीन तासांचं. ओतणं मात्र मिनिट-दीड मिनिटात आटपतं. ते हुकलं तर ‘वन मोर’ म्हणायची सोय नाही, पुढच्या आदणापर्यंत तीन तास थांब. शिवाय फेसाच्या वेळचा शॉट आणि मळीच्या वेळचा शॉट संकलनात शेजारी ठेवलास तर गूळ करणाऱ्या घरातला माणूस लगेच हसेल. आणि तुझा निम्मा प्रेक्षक तोच आहे.

तेव्हा दिवस दोन आदणांवर बांध. पहिलं सातला सुरू झालं तर दहाच्या आसपास ओततील. त्यात फक्त वाइड, म्हणजे दुरून सगळं दिसणारे शॉट, घे. कॅमेरा ट्रायपॉडवर, माणसं आपापलं काम करतायत, तू कुणाला काही सांगायचं नाहीस. एकानं वहीत वेळा टिपायच्या: मळी किती वाजता, फेस किती वाजता, गोळी किती वाजता. दुसरं आदण साडेदहाला लागलं की ती वहीच तुझं वेळापत्रक. कुठला क्लोज-अप कधी मिळणार हे तुला अर्धा तास आधी कळेल, आणि पहिल्यात चुकलेली गोष्ट दुसऱ्यात सुधारता येईल.

यात एक खोच आहे. पहिलं ओतणं तिरप्या उन्हात होणार, दुसरं दीडच्या सुमारास, ऊन डोक्यावर असताना. दोन्ही जोडून बघितलं तर जुळणार नाही. दुपारच्या क्लोज-अपना वरून येणारं ऊन ताडपत्रीनं अडव आणि सकाळी ज्या बाजूनं ऊन येत होतं त्याच बाजूनं थर्माकोलनं उजेड परतव. सकाळी त्या जागेचा फोनवर एक फोटो काढून ठेव, नाहीतर दुपारी बाजूवरून वाद होतील.

वाफ समोरून नुसती पांढरट दिसते. ती उठून दिसायला उजेड मागून हवा आणि पाठीमागे काळोख हवा. छपराच्या फटीतून ऊन येतं त्याच्या समोर उभा राहा, प्रकाश आपोआप मिळेल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा हिशेब, ऑटोवर ठेवू नकोस. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: चुलवाणाची आग 2000 केल्विनच्या जवळ, बाहेरची सावली 6500 च्या पुढे. ऑटो दोघांच्या मध्ये हेलकावत राहतो आणि एकाच शॉटमध्ये नटाचा चेहरा आधी केशरी, मग निळसर होतो. 4500 ला पक्का कर नि आग केशरी राहू दे.

शटरबद्दल. तू सेकंदाला 30 फ्रेम आणि शटर 1/60 सेकंद लिहिलंयस, ते अमेरिकन व्हिडिओतून आलंय. इथं वीज 60 हर्ट्झची, तिथं 50 ची. आपल्याकडची ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होते. 25 फ्रेम आणि 1/50 ठेवलंस तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन ठोके येतात आणि चित्र स्थिर राहतं. 1/60 ला ते लपलपतं, आणि छोट्या पडद्यावर सेटवर कळतही नाही. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी आपल्या कोल्हापुरातच बनवलेला कॅमेरा हातानं फिरवायचा होता, वेग मनगटाच्या हिशेबावर. तुला एकदा आकडा टाकून विसरायचंय, तेवढं कर. बाहेरच्या उन्हात मात्र 1/50 ला, 100 आयएसओला, लेन्सचं छिद्र एफ 4 हवं असेल तर पाच स्टॉप जास्त उजेड येतो, एकेक स्टॉप म्हणजे दुप्पट. तिथं एनडी 32, म्हणजे उजेड कमी करणारा काळपट फिल्टर, लागेल.

लेन्स सकाळच्या गारठ्यातून सरळ वाफेत नेलीस की आतून-बाहेरून धुकं बसतं. बॅग आधीच छपराखाली नेऊन वीस मिनिटं बंद ठेव. शर्टानं पुसायचं नाही. आणि छपराखाली लेन्स बदलायची नाही, चिपाडाची धूळ नि राख सेन्सरवर बसली की प्रत्येक शॉटमध्ये तोच ठिपका. गाडीत बसून, काचा लावून बदल.

आता आवाज. विद्यार्थ्यांच्या फिल्मा चित्रामुळं क्वचितच पडतात, आवाजानं पडतात. ऊस पिळणारा चरक चालू असताना संवाद घ्यायचाच नाही, कितीही भारी माइक असो. रस काहिलीत भरला की चरक थांबतो का, की पुढच्या आदणाचा रस काढणं चालूच राहतं, हे मालकांना आदल्या दिवशी विचार. चालूच राहत असेल तर तुझ्या गोष्टीतलं बापलेकाचं भांडण उसाच्या फडाच्या कडेला ने. गोष्टीचं काही बिघडत नाही, उलट मला तेच बरं वाटतं. बूम, म्हणजे काठीवरचा माइक, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत, तोंडापासून दीड-दोन फुटांवर. आवाजाचे उंचवटे उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेव. उघड्यावर माइकला केसाळ टोपी हवीच, उसाच्या पानांचा वारा ऐकायला गोड पण रेकॉर्डिंगमध्ये नुसता भडभडाट. आणि प्रत्येक जागा सोडण्याआधी सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट तिथली शांतता रेकॉर्ड कर. तेवढ्यानं संकलनात संवादांमधली भोकं बुजतात. हे हटकून राहतं, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष जेवणाकडं लागलेलं असतं.

शेतीची लाइट पाळीनं येते, त्या सॉकेटवर विसंबू नकोस. आणि मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडतं, तुझा दिवा त्याच क्षणी मान टाकेल. बॅटरीवरचे दिवे घे. कॅमेऱ्याच्या पाच बॅटऱ्या, प्रत्येक तास-सव्वा तासाची. 4के सेकंदाला 100 मेगाबिटनं घेतलंस तर तासाला 45 जीबी भरतात. 64 चं कार्ड भरलं की दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवायचं, दोन्हीवरची एकेक क्लिप उघडून बघायची, मगच फॉरमॅट. हे काम एकाच माणसाकडं, आणि त्या माणसाला दुसरं काही सांगायचं नाही. भरलेल्या कार्डावर लाल टेप.

काहिलीपासून ट्रायपॉड सहा फूट लांब. उकळता पाक कातडीला चिकटतो, भाजणं पाण्यापेक्षा वाईट. हातात कॅमेरा घेऊन कुणी मागं सरकणार असेल तर त्याच्या पाठीला हात लावून दुसरा माणूस हवा. तुझ्या यादीतला 23 नंबर, नायक स्वतः पाक ढवळतो, तो तसा घ्यायचा नाही. ढवळणारे हात गुळव्याचे घे. नटाचा क्लोज-अप ओतणं झाल्यावर रिकाम्या काहिलीत गरम पाणी घालून, कडेच्या वर फक्त छाती-चेहरा दिसेल असा. दोघांची आस्तीन एकाच रंगाची असली की झालं.

आई, हे तुझ्यासाठी. सोळा माणसं आहेत, गुऱ्हाळावरची सहा-सात धरून जेवण बावीस-तेवीसांचं सांग. चहा सहाला, पोहे साडेनऊला, पण ओतण्याच्या आधी, नंतर नको. दुपारी झुणका-भाकरी, खर्डा, ताक. तांबडा-पांढरा रस्सा नको गं, सगळे पेंगतात आणि कपड्यावर डाग पडला की दुपारचे शॉट जुळत नाहीत. पाण्याचे वीस लिटरचे तीन जार. बाबांना सांग, गाडीची डिकी रिकामी हवी, स्टेपनीसुद्धा वर काढून ठेवू नका.

अभी, कापलेली यादी सोबत पाठवतेय. 24 ठेवलेत. काटलेले 18 वाचून रागावशील, त्यातले कुठले दोन परत हवेत ते कळव, म्हणजे दुसरे कुठले दोन काढायचे ते बघू.

तुझी,
ताई

ता. क. थर्माकोल इंचभर जाडीचे, दोन पुरेत. एकाची एक बाजू काळी रंगव, चेहऱ्यावर सावली हवी असेल तेव्हा तीच बाजू लागते. रंग पाण्याचा घे, ऑइलपेंटनं थर्माकोल विरघळतं.