मूठ उघडेपर्यंत थांबलेल्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. टिळक रोडवरच्या तुमच्या सोनोग्राफी सेंटरच्या दारात जूनमधल्या एका दुपारी, अपॉइंटमेंट नसताना, रडून डोळे सुजवून उभी राहिलेली गरोदर बाई म्हणजे मी.

आधी जिथे सोनोग्राफी केली, तिथल्या सरांनी स्क्रीनवरून नजर न हलवता 'बाळाच्या मेंदूत सिस्ट आहेत, दोन्ही बाजूंना' एवढंच सांगितलं आणि पोट पुसायला टिश्यू पुढे सरकवला. काही विचारायला गेले तर म्हणे, 'तुमच्या गायनॅकना दाखवा.' गायनॅक दोन दिवस बाहेरगावी. त्या दोन रात्री मोबाईलवर काय काय वाचलं, ते जाऊ दे. रिसेप्शनवर 'सुट्टे द्या' मात्र दोनदा ऐकवलं!

तुम्ही आधी खुर्ची दिलीत. माझा नॉर्मल आलेला डबल मार्कर, म्हणजे बाळाच्या गुणसूत्रांत दोष असण्याची शक्यता किती ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, मागून घेऊन वाचलात. मेंदूतलं पाणी जिथे तयार होतं, त्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये असे पाण्याचे फुगे, म्हणजेच सिस्ट, १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत शंभरातल्या एक-दोन बाळांना दिसतात आणि बहुतेक २८व्या आठवड्यापर्यंत जिरतात, म्हणालात. नुसती सिस्ट असेल तर बाळाच्या बुद्धीला काही होत नाही. बघायचं ते सोबत आणखी काही आहे का. ट्रायसोमी १८, म्हणजे १८व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असण्याचा गंभीर दोष, असेल तर मुठी आवळलेल्या राहतात, बोटं एकमेकांवर चढलेली.

हृदय ठीक निघालं. आणि आमच्या बाळाची मूठ घट्ट.

'झोपलंय. खाली जाऊन गार-गोड काहीतरी घेऊन या.' रडत रडत मस्तानी प्यायलेली पुण्यातली मी पहिलीच असेन. परत आले तर तुमचा डबा टेबलावर तसाच, न उघडलेला. तुम्ही प्रोब ठेवलात आणि थांबलात. बोलणं नाही, घड्याळाकडे बघणं नाही. मशीन दोन्हीकडे तेच हो, मॅडम, पण थांबायला माणूस लागतं. मग 'उघड बाळा' म्हणालात. राजा नाही, राणी नाही, कायद्याच्या पक्क्या! स्क्रीन माझ्याकडे वळवून बोट ठेवून मोजलंत : एक, दोन, तीन, चार, आणि हा अंगठा. तेव्हा मला दोन दिवसांनी नीट श्वास घेता आला.

२८व्या आठवड्यात सिस्ट दिसल्या नाहीत. दिवाळीच्या आसपास बाळ झालं. सव्वा महिना झाला की घेऊन येतेय, मस्तानीही आणते. या वेळी जेवणाच्या वेळेला येणार नाही.