भाडेकरारात विजेचे एक पान हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की भाड्याने दिलेल्या कार्यालयीन इमारतींत ठरलेला वाद सुरू होतो. भाडेकरू म्हणतो, एसी नीट थंड करत नाही. मालकाचा व्यवस्थापक म्हणतो, वीजबिल वाढले. मग चौरस फुटामागचा मेंटेनन्स वाढतो आणि वाद पुढच्या उन्हाळ्यावर जातो. दोघेही खोटे बोलत नसतात. चिलर (सेंट्रल एसीसाठी पाणी थंड करणारे यंत्र) मालकाचा आणि बिल भाडेकरूचे असले, की नव्या यंत्रावर खर्च करायचा मालकाने आणि बचत जायची भाडेकरूच्या खिशात. साहजिकच जुने यंत्र ओढत राहते. त्यात सेंट्रल एसीचे बिल क्षेत्रफळावर वाटले, तर संध्याकाळी सहाला बंद करणारा आणि रात्री दहापर्यंत चालवणारा सारखेच पैसे भरतात. मग बंद करायची आठवण कोणाला राहणार?

यावर उपाय आहे, पण तो लिव्ह अँड लायसन्स करारावर सह्या होण्याआधी करायचा असतो.

सुरुवात मोजण्यापासून व्हावी. प्रत्येक भाडेकरूला दिवे-प्लगसाठी एक, यूपीएस-सर्व्हरसाठी एक असे वेगळे सबमीटर आणि थंड पाण्यासाठी बीटीयू मीटर हवा. मीटर बसवला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. पॅनेलमध्ये सीटी (मोठा वीजप्रवाह मीटरसाठी ठरावीक प्रमाणात कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) २००/५ चा आणि मीटरमध्ये नोंद १००/५ ची, ही चूक नेहमीची. अशा मीटरवर वापर निम्माच दिसतो. बीटीयू मीटर पाण्याचा प्रवाह आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक मोजतो. हा फरक जेमतेम पाच अंशांचा असतो, म्हणजे अर्ध्या अंशाची चूक झाली तरी बिल दहा टक्क्यांनी चुकले. म्हणून दोन्ही सेन्सर जोडीने तपासलेलेच घ्यावेत आणि प्रवाहमापक पाइपच्या वळणाला लागून बसवू नये. दर महिन्याला सगळ्या सबमीटरांची आणि सामाईक वापराची बेरीज मुख्य मीटरशी ताडून पाहावी. तफावत मोठी निघाली तर बिले वाटण्याआधी कारण शोधावे. एकदा चुकीचे बिल गेले की कोणाचाच मीटरवर विश्वास राहत नाही.

खरी गळती रात्री असते. एका भाडेकरूची तीन टन क्षमतेचा एसी लागणारी सर्व्हर रूम सेंट्रल एसीवर असते आणि तेवढ्यासाठी रात्रभर, रविवारीसुद्धा प्लांट चालतो. दीडशे टनांचा चिलर किमान भारावर, थंड पाण्याचा पंप, कंडेन्सरचा पंप, कूलिंग टॉवरचा पंखा, मजल्यावरचा एएचयू (थंड हवा खेळवणारे पंख्याचे युनिट) हे सगळे मिळून तासाला पन्नास युनिट सहज जातात. तेच काम दोन टनांचे दोन स्प्लिट एसी तीन-चार युनिटांत करतात. तिसरा जोडून टायमरवर आळीपाळीने चालवला, तर एक बंद पडला तरी काळजी नाही. मग तसे का होत नाही? बाहेरचे युनिट दर्शनी भिंतीवर नको म्हणून मालक परवानगी देत नाही आणि पाइप गच्चीपर्यंत न्यायचा खर्च भाडेकरूला नको असतो. प्रत्येक मजल्याच्या डक्टजवळ युनिटसाठी जागा, निचऱ्याची नळी आणि वीजजोडणी मालकाने आधीच ठेवली, तर हा प्रश्न उरतच नाही.

दुसरी मोठी चूक फिटआउटमध्ये, म्हणजे भाडेकरू आतली मांडणी करून घेतो तेव्हा होते. थर्मोस्टॅटखाली प्रिंटर किंवा कॉफीचे मशीन येऊन बसते. त्या कोपऱ्यात २७ अंश, बाकी मजल्यावर २१. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह दिवसभर पूर्ण उघडा आणि माणसे स्वेटर घालून कामाला. कुठे केबिनची काच थेट स्लॅबपर्यंत नेलेली असते, त्यामुळे फॉल्स सीलिंगवरून परत जाणाऱ्या हवेची वाट बंद होते. केबिन तापते आणि सेटिंग १८ वर जाते. ‘२४ अंश ठेवा’ हा फलक तिथे काय करणार? सेन्सर परतीच्या हवेच्या मार्गात हलवणे आणि सीलिंगच्या वर भिंतीत जाळी बसवणे, हे एका दिवसाचे काम आहे. त्याहून बरे म्हणजे फिटआउटच्या नकाशावर मालकाच्या एसी कंत्राटदाराची सही सक्तीची करावी.

मोठ्या खर्चाचे कलम मात्र नीट लिहावे लागते. एएचयूच्या दहा हॉर्सपॉवरच्या मोटरला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारे उपकरण) लावून पंखा ८० टक्के वेगाने फिरवला, तर सूत्रानुसार वीज जवळपास निम्मी लागते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. मोटर सहा किलोवॅट घेत असेल, वर्षाला ३,३०० तास चालत असेल आणि प्रत्यक्ष बचत ४० टक्केच धरली, तरी ७,९०० युनिट वाचतात. युनिटला १२ रुपये धरले तर सुमारे ९५ हजार रुपये. हा खर्च कोणी करायचा? न्यूयॉर्कमध्ये २०११ साली यासाठी एक नमुना कलम तयार झाले. त्यात तज्ज्ञ बचतीचा अंदाज काढतो, मालक खर्च करतो आणि तो वसूल होईपर्यंत अंदाजित बचतीच्या ८० टक्के रक्कम भाडेकरू देतो. अंदाज थोडा चुकला तरी भाडेकरूला झळ बसू नये म्हणून २० टक्के त्याच्याकडेच राहतात. आपल्या पाच वर्षांच्या करारांत हे सहज बसेल. वसुलीआधी भाडेकरू गेला तर उरलेली रक्कम नव्या भाडेकरूकडून घ्यायची, एवढे त्यात जोडावे.

उच्चदाब ग्राहकांना महावितरण एप्रिल २०२० पासून केव्हीएएच (किलोव्होल्ट-अँपिअर-तास) पद्धतीने बिल देते, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग) बिघडला की थेट युनिट वाढतात. रात्री भार उतरल्यावर पॉवर फॅक्टर सुधारायला कायम जोडलेले कपॅसिटर उलटे बाधतात. कपॅसिटर गरजेनुसार आपोआप जोडणारे-सोडणारे एपीएफसी पॅनेल मालकाचे आणि यूपीएस भाडेकरूंचे, तेव्हा ही तपासणीही एकत्रच करावी लागेल.

आपल्या वृत्तपत्राच्या मालमत्ता पुरवणीत भाड्याचे दर दर आठवड्याला छापले जातात. त्याच पानावर करारात घालता येईल असे मीटर, वेळा, फिटआउट आणि खर्चवाटपाचे मराठी नमुना कलम छापावे, ही विनंती.

आपले,
इमारत देखभाल व ऊर्जा लेखापरीक्षण क्षेत्रातील काही वाचक, पुणे