मंत्रिमहोदय, तुमच्याआधी एक अमात्य इथे पाण्याची पोढी देऊन गेला

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय जय भीम.

मी जुन्नरचा. रविवारी सकाळी वस्तीतल्या विहारात वंदना झाली की आम्ही तीन-चार जण भोवतीच्या डोंगरांतली जुनी बौद्ध लेणी बघत चालायला निघतो. कधी कुकडी ओलांडून लेण्याद्री, कधी पाडळीच्या बाजूने तुळजा, कधी मानमोडी. आमच्यात याला ‘फेरी’ म्हणतात. ट्रेक म्हटलं की बूट, काठ्या, फोटो आले; फेरीला चप्पल चालते. दुपारी जेवायला घरी पोचलो तर पोचलो.

मागच्या एका फेरीत मानमोडीच्या पायथ्याशी बाहेरगावचं एक कुटुंब भेटलं. शिवनेरी पाहून झाली होती, हातात वेळ होता. त्यांनी बांधावरच्या एका आजोबांना विचारलं, वर काही बघण्यासारखं आहे का? आजोबा म्हणाले, “वर भुताची लेणी हायेत. पोरं बारकी हायेत, कशाला जाता?” कुटुंब गाडीत बसून निघून गेलं. आजोबांचं काही चुकलं नाही. त्या गटाचं नावच भूत लेणी. पण त्या भुताच्या लेण्याच्या दर्शनी कमानीत हत्ती जिच्यावर पाणी घालतायत अशी लक्ष्मी कोरलेली आहे, आणि ते दर्शनी काम चंद नावाच्या एका यवनाचं दान आहे, असं तिथेच लिहिलेलं आहे. यवन म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक किंवा पश्चिमेकडचा परका माणूस. अशा एका परक्याने आमच्या डोंगरावर बुद्धासाठी पैसे खर्च केले, आणि हे सांगणारा साधा फलक पायथ्याला नाही. वर पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षे कैद किंवा एक लाख दंड, हे त्यावरून कळतं. नासधूस कशाची, ते कळत नाही.

महोदय, जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत लहानमोठी मिळून दोनशेहून अधिक खोदकामं आहेत. कारण सोपं आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल नाणेघाट चढून आधी इथे यायचा. व्यापारी आले, त्यांच्यामागे भिक्खू आले, आणि पावसाळ्याचे चार महिने भिक्खूंना डोक्यावर छप्पर हवं होतं. लेण्याद्रीचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं वंदनेचं लेणं, कल्याणच्या माणसाने दिलेलं आहे, तसा तिथे लेख आहे. त्याला लागूनच्या मोठ्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्यात, आज गिरिजात्मज गणपती आहे. वीस खोल्यांच्या विहारातल्या मधल्या दोन खोल्या एक करून गाभारा केलेला. गणपतीशी आमचा वाद नाही, उलट अष्टविनायकामुळे तिथे पायऱ्या झाल्या, तिकीटघर झालं, झाडलोट होते. आमचं म्हणणं एवढंच, की वर आलेला माणूस दर्शन घेऊन लगेच वळतो. पलीकडच्या चैत्यगृहात डोकावणारे थोडे. कारण तिथे काय आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तुळजा लेण्यांचं तर मला नेहमीच वाईट वाटतं. तिथलं चैत्यगृह गोल आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट. इसवी सनाच्या आधीचं काम. समोरचा कातळ ढासळल्यामुळे आत भरपूर उजेड असतो. स्तूपाभोवती तीन प्रदक्षिणा घालून खांबाला टेकून बसलं की खालची शेतं दिसतात. अशी बैठक मला दुसरीकडे मिळालेली नाही. (आमच्यातला एक जण तिथे हमखास झोपतो. प्राचीन भिक्खूही दुपारी झोपत असणार, असं त्याचं मत आहे.)

आता मुद्द्यावर येतो. मानमोडीच्या भीमाशंकर नावाच्या लेण्यांच्या गटात एक लेख आहे. महाक्षत्रप नहपान राजाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याचं हे दान: एक पोढी आणि एक मंडप, वर्ष ४६. हे वर्ष शकाचं धरलं तर इ.स. १२४. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. अमात्य म्हणजे मंत्री. म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तुमच्यासारखाच एक मंत्री या डोंगरावर चढला, किंवा त्याने माणूस धाडला, आणि त्याला वाटलं की इथे येणाऱ्याला दोन गोष्टी लागतात: प्यायला पाणी आणि टेकायला जागा.

पोढ्या देणारा तो एकटा नव्हता. इरिल नावाच्या यवनाने जुन्नरला दोन पोढ्या दिल्या. नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने एक दिली. मला सर्वांत आवडतो तो आडुथुम नावाचा शक, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या शक लोकांपैकी एक. त्याने वीस निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) जमिनीचं उत्पन्न करंजाची झाडं लावायला आणि नऊ निवर्तनं वडाची झाडं लावायला लावून दिलं, आणि ती व्यवस्था एका श्रेणीकडे सोपवली. श्रेणी म्हणजे कारागिरांचा किंवा व्यापाऱ्यांचा संघ. झाडं लावून फोटो काढायची पद्धत तेव्हा नव्हती, म्हणून त्याने ती जगवायचीही सोय केली असावी.

२०१८ साली राज्य सरकारने जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्र जाहीर केलं. २०२५ साली शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला, आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले. पण शिवनेरीच्याच कड्यात बौद्ध लेणी आहेत, आणि शिवजन्मस्थान पाहून उतरणाऱ्या शंभरातल्या पाच जणांना तरी ती माहीत असतील का, मला शंका आहे.

आमचं मागणं फार मोठं नाही. लेण्याद्री, तुळजा, शिवनेरी, मानमोडी यांना जोडणारी पायवाट आजही आहे. गुराख्यांना ठाऊक आहे, आम्हाला ठाऊक आहे. ती चुन्याच्या खुणांनी आणि दगडी बाणांनी दाखवावी. प्रत्येक गटाच्या पायथ्याशी मराठीत फलक असावा, त्यावर दान देणाऱ्याचं नाव असावं, मग तो यवन असो, शक असो की कल्याणचा व्यापारी. आणि पिण्याचं पाणी. वरच्या बऱ्याचशा पोढ्यांत पाणी आहे, पण शेवाळ आणि बाटल्यांसकट. त्या जाणकारांच्या देखरेखीखाली साफ व्हाव्यात. प्यायचं पाणी मात्र खाली नळाचं द्या.

पेव्हर ब्लॉक नको. रेलिंग नको, सेल्फी पॉइंट तर नकोच. रंगीत दिवे सोडले तर आग्या मोहोळ उठेल आणि बिबट्याही. बिबट्या इथे उसात राहतो, लेण्यांचा परिसर त्याचाही आहे. म्हणून फलकावर एक ओळ त्याच्यासाठीही हवी: सूर्य मावळायच्या आत खाली उतरा.

लेणी केंद्राच्या अखत्यारीत आहेत, हे मला माहीत आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण पायथ्याचा फलक आणि नळ त्या शंभर मीटरच्या बाहेर बसू शकतो. मी विचारपूस करून पाहिली. एका कार्यालयाने सांगितलं, वाट आमची नाही. दुसऱ्याने सांगितलं, वाट आमची आहे पण फलक आमचा नाही. तिसऱ्या ठिकाणी अर्ज घेतला, पोच दिली, पोच माझ्याकडे आहे. ही तीन टेबलं एका खोलीत बसवणं माझ्या हातात नाही. तुमच्या हातात आहे.

एकदा स्वतः या. ताफा पायथ्याशी ठेवा आणि मानमोडी पायी चढा. अयमचा लेख मी दाखवीन, ब्राह्मी अक्षरं लावायला आम्ही थोडीफार शिकलो आहोत. सकाळी सातच्या आत निघू, नंतर कातळ तापतो. पाण्याची बाटली घरून भरून आणा, तूर्त वर सोय नाही.

आपला,
रविवारचा एक फेरीवाला, जुन्नर