सतरा नंबरच्या कॉलमची वाट बघा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पोलीस खात्यातून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण पेपर हातात आला की नजर आधी क्राईमच्या बातमीवरच जाते. तिथं दर थोड्या दिवसांनी ती ठरलेली ओळ असतेच, ‘मृताच्या अंगावर मारहाणीचे काळेनिळे व्रण आढळल्याने घातपाताचा संशय’. पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, व्हायचं बाकी असतं, डॉक्टरने बॉडी बघितलेली पण नसते, पण मारहाण झाली हे ठरून गेलेलं असतं.

सगळा दोष वार्ताहराचा नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलीय. नोकरीची सुरुवात होती. शेतातल्या खोपीत राखणीला झोपलेला माणूस सकाळी मेलेला सापडला. आम्ही बॉडी पालथी केली तर सगळी पाठ निळीजांभळी, काखेत आणि कमरेला ओरखडे. भावाने तिथंच बांधाच्या भांडणातल्या शेजाऱ्याचं नाव घेतलं आणि मी पंचनाम्यात ‘पाठीवर मारहाणीचे वळ’ लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच छापून आलं, माझेच शब्द.

पीएमला डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, हवालदार, ज्याने मारलं त्याने खांद्याची पाती आणि कुल्ले बरोबर वगळून मारलं का हो? बघतो तर खरंच, पाठ निळी पण जिथं अंग जमिनीला टेकलेलं होतं तेवढी जागा पांढरीफटक. मग त्यांनी समजावलं की हृदय थांबलं की रक्त आपल्या वजनाने खालच्या बाजूला उतरतं, तास-दोन तासात डाग दिसायला लागतात, जिथं दाब असतो तिथं रक्त शिरत नाही, आणि सहा-आठ तासांनी ते डाग पक्के होतात, मग बॉडी फिरवली तरी हलत नाहीत. त्यांनी तिथं छोटी चीर दिली आणि पाणी टाकलं, रक्त धुऊन गेलं. खरा मार असता तर नसा फुटून रक्त मांसात मुरलं असतं आणि ते धुऊन जात नाही. आणि ओरखडे? मुंग्या! मेल्यावर मुंग्यांनी कुरतडलेली कातडी वाळून पिवळट तपकिरी होते, कडेला लाली नाही, रक्त नाही. विहिरीतल्या बॉडीचं पण तेच, ओठ, पापण्या, कानाच्या पाळ्या मासे-खेकडे खातात आणि लोकांना वाटतं कुणीतरी विद्रूप केलं.

उलटं पण होतं बरं का. खोलवरचा मार पहिल्या दिवशी वर दिसतच नाही, दुसऱ्या दिवशी उमटतो, म्हणून काही डॉक्टर दुसऱ्यांदा बॉडी बघतात. म्हणजे ‘अंगावर खुणा नाहीत, संशय नाही’ ही बातमी पण तितकीच कच्ची. जळालेल्या बॉडीत तर आणखी घोटाळा, उष्णतेने कातडी फाटते आणि सुऱ्याचा वार वाटतो, मुठी आवळलेल्या दिसतात म्हणून लोक म्हणतात झटापट झाली, पण ते स्नायू आखडल्याने होतं, मेल्यावर जाळलं तरी होतं. डॉक्टर बघतात ते श्वासनळीत काजळी गेलीय का, कारण काजळी आत जायला श्वास चालू असावा लागतो.

ही भानगड आजची नाही. 1828 साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला बर्क आणि हेअर नावाचे दोघं माणसं मारून प्रेतं शरीरशास्त्राच्या मास्तरला विकायचे. शेवटच्या बाईच्या अंगावर मार दिसला, पण तो जिवंतपणीचा की प्रेत पेटीत कोंबताना झालेला हा प्रश्न आला, तर क्रिस्टिसन नावाच्या डॉक्टरने चक्क प्रेतांना मारून बघितलं. मेल्यावर थोड्याच वेळात मारलं तरी मार लागल्यासारखा डाग उठू शकतो हे त्याला दिसलं. म्हणजे डोळ्याने बघून छातीठोक सांगणं त्याच्याही काळी अवघडच. आज मायक्रोस्कोप आहे, जखमेत पांढऱ्या पेशी जमल्यात का ते दिसतं, पण त्या जमायलाच काही तास जातात, त्यामुळे जीव जाताना किंवा त्याच्या जरा पुढेमागे झालेल्या जखमेबद्दल चांगला डॉक्टर पण ‘नक्की सांगता येत नाही’ असं लिहितो. वकील मंडळी त्यावरून त्याला कोर्टात सोलून काढतात, पण तोच प्रामाणिक माणूस असतो.

आपल्याकडच्या पीएमच्या फॉर्मात सतरा नंबरच्या कॉलमला बाहेरच्या जखमा लिहितात आणि त्याच्या खाली डॉक्टरला वेगळं विचारलेलं असतं की या जखमा मरणाआधीच्या आहेत असं खात्रीने सांगता येतं का. सरकारी फॉर्म इतकं विचारतो तर पेपरने पण एक दिवस थांबावं. तोवर ‘अंगावर डाग आढळले, पीएम रिपोर्ट बाकी’ एवढंच छापा, आणि रिपोर्ट आला की तो पण तेवढ्याच मोठ्या टायपात छापा.

कारण त्या खोपीतल्या माणसाच्या हृदयाची नस बंद झालेली निघाली. तो शेजारी चार दिवस घराबाहेर पडला नव्हता. रिपोर्टची बातमी आली का म्हणून मी महिनाभर पेपर चाळत होतो, नाही आली.

आपला,
एक निवृत्त पोलीस