मागच्या ब्रेकच्या जोडीत एका सुताचा फरक : तक्रार पत्र

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी यांस

विषय : १९५९ सालच्या मॉरिस मायनर मोटारीसाठी पाठविलेल्या मागच्या व्हील सिलिंडरच्या जोडीत दोन वेगळ्या मापांचे नग निघाल्याबाबत, आणि ‘बसविलेला माल परत घेतला जात नाही’ या कारणाने तक्रार नाकारल्याबाबत.

महोदय,

४ ऑगस्ट रोजी मी आपल्याकडे मागच्या चाकांच्या व्हील सिलिंडरची (ब्रेक ऑइलच्या दाबाने आतला पिस्टन सरकवून ब्रेक शू ड्रमवर दाबणारा भाग) एक जोडी, मागच्या ब्रेक शूंचा (ड्रमला आतून घासून चाक थांबविणाऱ्या पट्ट्यांचा) एक संच आणि हॅण्डब्रेकच्या दांडीवर बसणारी दोन रबरी टोपणे एवढा माल नोंदविला आणि १८,४०० रुपये आगाऊ भरले. माल २९ ऑगस्टला हाती आला. दोन्ही सिलिंडर वेगवेगळ्या बंद खोक्यांत होते आणि दोन्ही खोक्यांवर एकच छापील चिठ्ठी होती : मॉरिस मायनर, मागचे, ७/८ इंच. प्रत्यक्षात एका सिलिंडरचा आतला व्यास २२.२ मिलिमीटर, म्हणजे ७/८ इंच, आहे आणि दुसऱ्याचा १९ मिलिमीटर, म्हणजे ३/४ इंच. आमच्या मिस्त्रींच्या भाषेत सांगायचे तर एक सात सुतीचा आणि दुसरा सहा सुतीचा; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

ही गाडी माझे मोठे काका इंग्लंडहून वैद्यकीचे शिक्षण आटोपून परतताना बोटीने घेऊन आले होते. ९४८ सीसीचे इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेक ऑइलची एकच वाट असलेली ही साधी गाडी पुढे कित्येक वर्षे आमच्या तालुक्यात पेशंट पाहायला फिरली. काका गेल्यावर ती गुरांच्या कोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली, आणि उभ्या गाडीचे सर्वांत आधी जे बिघडते तेच बिघडले. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, ती ओल सिलिंडरच्या तळाशी बसते आणि तिथे गंज खड्डे पाडतो. मी मागचे दोन्ही सिलिंडर उघडले तेव्हा खड्डे एवढे खोल होते की नवीन रबर किट घालून उपयोग नव्हता. नागपुरात एका जुन्या टर्नरने लेथवर बोअर (आतले भोक) वाढवून पितळी स्लीव्ह (अस्तराची नळी) बसवून देण्याची तयारी दाखविली होती. परंतु हॅण्डब्रेकची दांडी ज्या पिनेवर फिरते तिच्या भोवतीचा भागही झिजलेला होता, म्हणून त्यानेच मला नवीन घेण्याचा सल्ला दिला. नागपूर, अमरावती, यवतमाळ येथील दुकानांतून मिळाले ते अँबॅसेडरचे भाग. तेव्हा कुठे आपला पत्ता शोधला.

नोंदणीपूर्वी मी काय काळजी घेतली होती हे आपल्या दप्तरी असेलच, तरी पुन्हा सांगतो. आपल्या यादीत मागच्या सिलिंडरच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एक १९६२ पूर्वीच्या गाडीसाठी आणि दुसरी त्यानंतरच्या. म्हणून मी गाडीचे साल, चासी क्रमांकाच्या पट्टीचे छायाचित्र आणि जुन्या सिलिंडरच्या तोंडात व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) धरून घेतलेली दोन छायाचित्रे आपल्या प्रतिनिधीस पाठविली. त्यावर ‘पहिली नोंद तुमची, निश्चिंत राहा’ असे लेखी उत्तर आले. त्याची व बिलाची प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

७ सप्टेंबरला यवतमाळहून मिस्त्री येऊन त्यांनी दोन्ही सिलिंडर बसविले, नवे शू चढविले, ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलून पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलने भरला आणि चारही चाकांच्या ब्रेकमधील हवा काढली. पेडल कडक लागत होते, कुठे गळती नव्हती. आम्ही गाडी गावाबाहेरच्या मुरमाच्या रस्त्यावर काढली. मैलांच्या काट्यावर वीसचा वेग असताना मिस्त्रींनी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली जाऊन तिरपी उभी राहिली. खाली उतरून पाहिले तर डाव्या मागच्या चाकाने मुरमात सुमारे बारा फूट लांबीचा सलग चर ओढला होता आणि उजव्या चाकाच्या वाटेवर टायरच्या नक्षीचे ठसे जसेच्या तसे उमटलेले होते. म्हणजे डावे चाक जाम झाले आणि उजवे फिरतच राहिले. समोरून कोणी येत नव्हते हे आमचे नशीब.

मिस्त्रींनी प्रथम आपल्या मालावर संशय घेतला नाही, हे मुद्दाम नमूद करतो. त्यांनी उजव्या बाजूचा अॅडजस्टर आणखी एक खाच फिरविला, शूवरच्या लायनरला (घासणाऱ्या अस्तराला) ग्रीस लागले आहे का ते पाहिले, पुन्हा हवा काढली, शेवटी डावीकडचे शू उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे घालून पाहिले. चर पुन्हा डाव्याच चाकाने ओढला. त्यानंतर त्यांनी दोन्ही सिलिंडर खाली उतरविले, रबरी टोपणे काढली, पिस्टन बाहेर घेतले आणि काही न बोलता डावीकडचा पिस्टन उजव्या सिलिंडरच्या तोंडाशी टेकविला. तो तोंडाशीच अडकला. व्हर्नियर त्यानंतर लावला. खरे तर त्याची गरज उरली नव्हती.

एका सुताचा फरक सांगून मी सुतावरून स्वर्ग गाठतो आहे असे आपणास वाटू नये, म्हणून हिशेब मांडतो. पेडल दाबल्यावर ऑइलचा दाब दोन्ही चाकांपर्यंत सारखाच पोहोचतो, परंतु शूवर पडणारा जोर पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो. ७/८ इंच व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ०.६० चौरस इंच भरते आणि ३/४ इंचाचे सुमारे ०.४४. म्हणजे एकाच दाबाला उजव्या चाकाच्या शूवर डाव्यापेक्षा चौथ्या हिश्शाहून अधिक कमी जोर मिळत होता. दोन्ही सिलिंडर सहा सुतीचे असते तर मागचे ब्रेक थोडे मऊ लागले असते, पण गाडी सरळ थांबली असती. दोन बाजूंना दोन मापे हा त्याहून फार वाईट प्रकार आहे, आणि पावसात आमच्याकडची काळी माती डांबरावर पसरली की अशी गाडी कुठे तोंड करील याचा नेम नाही.

८ सप्टेंबरला मी हे सर्व छायाचित्रांसह कळविले. १५ सप्टेंबरला आपल्या ग्राहक सेवा विभागाने पाठविलेल्या उत्तरात तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही मला मान्य नाहीत.

पहिली म्हणजे, थांबविण्याचे बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात, त्यामुळे मागच्या फरकाने ‘विशेष बिघडत नाही’. ब्रेक दाबल्यावर भार पुढे जातो आणि म्हणून पुढच्या ब्रेकचा वाटा मोठा असतो, हे मलाही ठाऊक आहे. परंतु पुढे किती आणि मागे किती हा एक प्रश्न झाला आणि डावीकडे किती व उजवीकडे किती हा दुसरा. माझी तक्रार दुसऱ्याची आहे. शिवाय या गाडीचा हॅण्डब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, ‘तोपर्यंत अँबॅसेडरचा सिलिंडर लावून पाहा, तीही मॉरिसच आहे’. अँबॅसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडलेली मोठी गाडी आहे आणि मायनर ही १९४८ साली बाजारात आलेली, अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली वेगळी, लहान गाडी आहे. आडनाव एक असले म्हणून एकाचा सदरा दुसऱ्याला येत नाही. आणि मायनरच्या मागच्या सिलिंडरमधून हॅण्डब्रेकची दांडी आत जाते, सिलिंडर स्वतः बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर तबकडीच्या) खाचेत मागेपुढे सरकतो, पिस्टन दोन तुकड्यांचा असतो आणि हॅण्डब्रेक ओढल्यावर त्यातील बाहेरचाच तुकडा सरकतो. ज्या भागावर पायाचा ब्रेक आणि हाताचा ब्रेक दोन्ही अवलंबून आहेत, त्याच्या जागी दुसऱ्या गाडीचा भाग ‘लावून पाहा’ असे सुचविणाऱ्याने हा सिलिंडर कधी हातात घेतला नसावा.

तिसरी गोष्ट, आणि तीच मुख्य : एकदा बसविलेला माल परत घेतला जात नाही. हा नियम इथे कसा लागतो ते पाहा. सिलिंडरचे तोंड रबरी टोपणाने बंद असते. टोपण आणि पिस्टन काढल्याशिवाय व्यास मोजता येत नाही. आणि आपल्याच खोक्यातील सूचनेनुसार टोपण काढल्यास हमी संपते. म्हणजे न उघडता बसवावा तर ‘बसविला’ म्हणून परत नाही, आणि उघडून मोजावा तर ‘उघडला’ म्हणून परत नाही. मग चूक आपल्या गोदामात झाली आहे हे ग्राहकाने सिद्ध करायचे तरी कसे? बाहेरून दोन्ही नग सारखे दिसतात आणि एकाच खाचेत बसतात, म्हणूनच चिठ्ठीवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

या गाड्या १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सोळा लाखांच्या घरात बनल्या आणि त्यांचे बरेचसे भाग इंग्लंडात आजही नव्याने तयार होतात. दुर्मीळ आहेत ते आपल्या देशात, आणि दारव्हा तालुक्यातील खेड्यात तर फारच. आपण घेतलेल्या १८,४०० रुपयांत लोखंडाची किंमत थोडी आणि नेमका भाग ओळखून, मोजून पाठविण्याची किंमत जास्त आहे, असे समजूनच मी ते दिले होते.

हॅण्डब्रेकच्या दांडीवरची रबरी टोपणे आलीच नाहीत, हेही नोंदवून ठेवावे. शूंबद्दल तक्रार नाही. लायनर चांगले आहेत.

माझ्या मागण्या अशा आहेत. आपण ७/८ इंची सिलिंडरची पूर्ण नवी जोडी, एकाच बनावटीची, पाठविण्यापूर्वी दोन्हींचा व्यास मोजून व तो बिलावर लिहून पाठवावी. एकच नग बदलून देऊ नये, कारण एक जुन्या खेपेचा आणि एक नव्या खेपेचा असा जोडा मला पुन्हा नको आहे. टोपणे सोबत द्यावीत. मिस्त्रींच्या दोन फेऱ्या, वाया गेलेले ब्रेक ऑइल आणि दारव्ह्याहून पार्सल आणण्याचा खर्च मिळून २,६५० रुपये होतात, ते परत करावेत. आणि चुकीचा माल आपल्या खर्चाने परत न्यावा. नवी जोडी देणे शक्य नसेल तर तसे स्पष्ट लिहून दोन्ही सिलिंडरची पूर्ण रक्कम परत करावी, म्हणजे मी दुसरीकडे पाहीन.

वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही आणि आलेल्या तक्रारीचे निवारण एका महिन्यात करावे लागते, असे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालील ई-वाणिज्याचे २०२० चे नियम सांगतात. माझ्या तक्रारीला परवा, ८ ऑक्टोबरला, एक महिना पूर्ण होतो. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, हे मी पाहून ठेवले आहे. तशी वेळ यावी अशी माझी इच्छा नाही, कारण मला भांडणापेक्षा सिलिंडरची गरज अधिक आहे. गाडीला पन्नास वर्षे केव्हाच उलटून गेली आहेत आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची विंटेज म्हणून नोंदणी करायची आहे. तपासणीसाठी ती न्यायची तर ब्रेक नीट हवेत. या दसऱ्याला तिची पूजा जागच्या जागी, मागची चाके ठोकळ्यांवर असतानाच करावी लागली.

दोन्ही सिलिंडर, त्यांची खोकी आणि चिठ्ठ्या मी जशाच्या तशा जपून ठेवल्या आहेत. आपला माणूस पाहायला येणार असल्यास एक दिवस आधी कळवावे, म्हणजे मिस्त्रींनाही बोलावून घेता येईल आणि व्यास त्याच्यासमोर मोजता येईल.

कळावे,

आपला,
सोबतच्या बिलावरील ग्राहक
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ