एक्स-रे होईपर्यंत रुग्णाने कण्हत का बसावे?

महोदय,

पाऊस सुरू झाला की पुण्यात दुचाकी घसरून मनगट, घोटा मोडलेल्यांची रीघ लागते. निवृत्तीपर्यंत मी अपघात विभागात परिचारिका होते. केसपेपर, एक्स-रे, मग हाडांचे डॉक्टर. तोवर माणूस मोडका हात धरून बाकावर कण्हत असतो. आधी दुखणे कमी केले तर निदान चुकेल, ही समजूत अजून जात नाही. गोळी दिल्याने मोडलेले हाड एक्स-रेतून लपत नाही!

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन वेगवेगळ्या रीतीने काम करतात, म्हणून दोन्ही एकत्र देता येतात. न्यूयॉर्कमध्ये हातापायाला मार लागलेल्या चारशेहून अधिक रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल मिळालेल्यांना दोन तासांनी जेवढा आराम पडला, तेवढाच अफूवर्गीय औषध घातलेल्या गोळ्यांनी पडला. मांडीचे हाड मोडले असेल तर एवढ्याने भागत नाही, तिथे मॉर्फिन किंवा नस बधिर करणे लागतेच.

आपल्याकडे मात्र भलतीच सरमिसळ होते. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन, वर एसिक्लोफेनॅकची गोळी, घरी गेल्यावर डब्यात उरलेली आयबुप्रोफेन. तिन्ही एकाच जातीची. आराम वाढत नाही. जठराला आणि मूत्रपिंडाला मात्र धोका वाढतो. एसिक्लोफेनॅकच्या जोडगोळीत बहुधा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतेच, हे रुग्णाला कोणी सांगत नाही. तो वेगळी पॅरासिटामॉल घेत राहतो. प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. अशक्त वृद्धांना आणि यकृत बिघडलेल्यांना त्याहून कमी.

रुग्ण दारात येताच अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण एवढे विचारायला दोन मिनिटे पुरतात. ते विचारून मोडलेल्या भागाला आधार द्यावा, योग्य औषध द्यावे आणि मगच एक्स-रेला पाठवावे. घरी सोडताना कोणते औषध किती वाजता दिले, पुढची मात्रा कधी आणि सोबत काय घ्यायचे नाही, हे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहून द्यावे. महापालिकेच्या रुग्णालयांनी या पावसाळ्यापासूनच ही पद्धत सुरू करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त परिचारिका, कोथरूड, पुणे